मास्तरांचा सकाळचा फोन

रामनगरच्या बाजारात आमच्या मास्तरांइतका माजोरडा माणूस दुसरा नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात चार जणांनी सांगितलं. चहावाल्याने सांगितलं, घरमालकिणीने सांगितलं, आणि बाकीचे दोघे तर मास्तरांच्या नात्यातलेच होते. तक्रार सगळ्यांची एकच. मास्तर रस्त्यावर कुणाला ओळख देत नाहीत. नमस्कार नाही, मान हलवणं नाही, साधं "काय, बरं हाय का" नाही. बाराही महिने हातात काळी छत्री, आणि समोरून ओळखीचं माणूस आलं की ती छत्री अशी पुढे कलायची की मास्तर गळ्यापासून खालीच दिसायचे. सख्ख्या मेहुण्याला त्यांनी बसस्टँडवर असंच ओलांडलं, आणि तो मेहुणा पुढे वर्षभर त्यांच्या घराची पायरी चढला नाही.

मी खानापूरकडची, आणि तोंडाने फटकळ आहे हे मीच आधी सांगून टाकते. मनात म्हटलं, असल्या माणसाबरोबर एका खोलीत काम करायचं म्हणजे झालं कल्याण.

ती खोली म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं आमचं छोटं केंद्र. लोकांशी बोलायचं, धीर द्यायचा, गोळ्या का चुकवायच्या नाहीत ते समजावून सांगायचं, हे माझं काम. नोंदी ठेवायच्या आणि कॉम्प्युटर सांभाळायचा, हे मास्तरांचं. पूर्वी ते टायपिंगचा क्लास चालवायचे. टाइपरायटर गेले तसा क्लास गेला, आणि मास्तर आमच्या खोलीत आले. त्यांच्या दहा बोटांखाली दोन कीबोर्ड मोडलेले मी पाहिले आहेत. ओळ संपली की त्यांचा डावा हात आपोआप वर उठायचा आणि तिथं नसलेला टाइपरायटरचा दांडा सरकवून परत खाली यायचा.

कॉम्प्युटरला त्यांनी पडदा शिवून घेतला होता. हिरव्या ब्लाउजपीसचा, वर नाडी ओवलेला. दारात कुणाचीही सावली पडली की मास्तर नाडी ओढत आणि म्हणत, "दर्शन बंद." एकदा जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले तेव्हाही त्यांनी पडदा ओढला. साहेब म्हणाले, "अहो, मीच आहे." मास्तर म्हणाले, "व्हय, दिसतंय की. काय बघायचंय त्ये सांगा, तेवढंच दावतो."

दुसऱ्या आठवड्यात मला छत्रीचा उलगडा झाला. आमच्या या जंगलाच्या जोयडा तालुक्यात ज्यांच्या रक्तात एचआयव्ही आहे आणि जे आमच्याकडे येतात, त्या प्रत्येकाचं नाव, गाव, वाडी या माणसाला पाठ होतं. बाजाराच्या दिवशी ते सगळे रामनगरच्या रस्त्यावर फिरत असायचे. मास्तरांनी त्यातल्या एकाला जरी हसून विचारपूस केली असती, तरी बघणारे शहाणे लोक विचारायला लागले असते, की या वाडीवरच्या माणसाची त्या खोलीतल्या मास्तराशी ओळख कशी? आणि बाकीच्यांशी बोलायचं पण पेशंटांशी नाही, असं केलं तरी कधीतरी कुणाच्या लक्षात आलंच असतं. म्हणून मास्तरांनी सरसकट सगळ्या जगाशीच ओळख तोडली होती.

मी म्हटलं, "पण तुम्हाला माजोरडा म्हणतात ना सगळे."

"म्हणू देत की," मास्तर म्हणाले. "ओळख त्येंची हाय, म्याडम. द्यायची तर त्येंनी द्यायची. आपण कोण देणार?"

आणि दार लावलं की हाच माणूस वेगळा व्हायचा. पेशंटचा अर्धा चहा आपल्या कपात ओतून घ्यायचे, आपल्या डब्यातली भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातात ठेवायचे. लहान असो मोठी असो, प्रत्येक बाई त्यांची तंगी, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. ज्यांना घरात वेगळं ताट लावलेलं असतं त्या लोकांना मास्तरांच्या डब्यात हात घालताना मी पाहिलं आहे. ते बघून पहिल्यांदा मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

तर त्या फोनची गोष्ट. आमच्या लोकांनी रोज रात्री जेवून एक गोळी घ्यायची असते. रोज म्हणजे रोज. चुकवत गेलं की दबलेला विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसावर मधले दिवस लक्ष ठेवायचं कसं, म्हणून वरून एक नवा प्रोग्राम आला. कॉम्प्युटर आपोआप पेशंटला फोन लावणार, ध्वनिमुद्रित आवाज विचारणार की गोळी घेतली का, घेतली तर एक दाबा, नाही तर दोन दाबा. एक दाबलं की कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याच्या नंबरापुढे हिरवा ठिपका, दोन दाबलं की लाल.

आवाज शहरातल्या कुठल्यातरी बाईचा होता. फारच गोड होता. आमच्या लोकांनी दोन दिवसांत तो कापायला सुरुवात केली. कुणाला वाटलं लोनवाले आहेत, कुणाला वाटलं सिमकार्डवाले. शिवाय घरात चार माणसं बसलेली असताना फोनमधून "गोळी" असा शब्द मोठ्याने ऐकू आला तर काय होईल, याचा विचार त्या गोड बाईने केलेला नव्हता.

मास्तरांनी तो आवाज काढून टाकायला लावला आणि स्वतःचा भरला. "मी मास्तर बोलतोय. काल रात्री जेवलासा का? जेवला असाल तर एक दाबा. न्हाईतर दोन दाबा." जेवण म्हणजे गोळी, हे प्रत्येकाला खोलीत बसवून समजावलं. मग ते वेळेच्या मागे लागले. वरच्यांचं म्हणणं, सगळ्यांना सकाळी सातला फोन. मास्तर म्हणाले, सातला यांच्यापैकी निम्म्यांना रेंजच नसते. त्यांनी एकेकाला विचारून यादी केली. हा डेअरीत दूध घालायला येतो तेव्हा पावणेसात, ही शाळेमागच्या खडकावर शेळ्या घेऊन जाते तेव्हा नऊ, तो काजूच्या बागेच्या वरच्या टोकाला पोचतो तेव्हा साडेदहा. प्रत्येक नंबराला वेगळी वेळ घातली. यात त्यांचे तीन आठवडे गेले, आणि मी त्यांना किती चिडवलं ते आठवून आता वाईट वाटतं.

फोन उचलले जायला लागले. गंमत अशी की लोक त्या आवाजाशी बोलायलाही लागले. "व्हय मास्तर, जेवले. तुमी जेवलासा?" असं उलट विचारायचे, आणि उत्तर आलं नाही की रागवायचे. एक म्हातारे तर तक्रार घेऊनच आले, की मी रोज इच्यारतोय आणि मास्तर एक शब्द बोलत न्हाईत, एवढा कसला तोरा. मास्तरांनी त्यांना कॉम्प्युटर दाखवून समजावलं. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही.

बघता बघता पडदा हिरवागार झाला. मास्तरांच्या ब्लाउजपीसपेक्षा हिरवा. जिल्ह्यात आमची खोली पहिली आली. साहेबांनी मास्तरांना शाल दिली, ती त्यांनी खुर्चीवर घालून बसायला घेतली. आणि मी एक चूक केली. पेशंटने येताना गोळ्यांची बाटली आणायची आणि उरलेल्या गोळ्या आम्ही मोजायच्या, अशी जुनी पद्धत होती. सगळं हिरवं दिसतंय तर कशाला मोजत बसायचं, असं म्हणून ती मीच मोडीत काढली.

त्या हिरव्या ठिपक्यांत एक ठिपका बाजारकुणंगच्या पलीकडच्या एका वाडीवरच्या सुनेचा होता. वय तेवीस-चोवीस. नवरा लाकूडकामाला जायचा. दोघांनाही एचआयव्ही आणि दोघेही आमचे पेशंट, पण घरात सासूला पत्ता नाही. ती गरोदर राहिली तेव्हा माझ्यासमोर बसून तिने एकच प्रश्न तीनदा विचारला होता. "प्वाराला लागणार न्हाई न्हवं?" मी सांगितलं होतं, तू गोळी एकही दिवस चुकवली नाहीस तर बाळ चांगलं होईल. शेळ्यांमागे जाताना येणाऱ्या सकाळच्या फोनला तिचं एक कधी चुकलं नाही.

पाचवा महिना संपताना तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला. विषाणू वाढला होता, थोडाथोडका नाही. मी म्हटलं रिपोर्ट चुकला. मास्तरांनी पडदा ओढला आणि म्हणाले, "बाटली घिऊन बोलवा."

ती आली. मास्तरांनी टेबलावर पेपर पसरून बाटली उपडी केली आणि दोन-दोन करून गोळ्या मोजल्या. आठ उरायला हव्या होत्या. एकवीस होत्या.

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मास्तरांनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

"तंगी," ते म्हणाले, "फोनवर एक का दाबत व्हतीस?"

ती पदराचं टोक पिळत म्हणाली, "सासूनं एकदा गोळी गिळताना बघितलं. गरवारशी बाईनं गोळ्या खाल्ल्या की आत उष्णता व्हते, प्वार वाळतं म्हणाली. मग घेतली तरी भ्या वाटायचं, न्हाई घेतली तरी भ्या वाटायचं. एक दिस घ्यायची, एक दिस ऱ्हायची."

"मग दोन दाबायचंस."

"तुमी इच्यारतासा जेवलीस का म्हणून," ती म्हणाली. "मोठं माणूस इच्यारतंय. न्हाई कसं म्हणायचं, मास्तर? आमच्यात उपाशी असलं तरी न्हाई म्हणत न्हाईत."

माझ्या आईचं घर डोळ्यांपुढे आलं. आमच्याकडेही तसंच. कुणी "जेवलीस का" विचारलं की पोटात कावळे ओरडत असले तरी "व्हय, आत्ताच" असंच तोंडातून येतं. न्हाई म्हणणं म्हणजे मला वाढा म्हणणं, आणि तसं म्हणणारं माणूस हलकं समजलं जातं. एवढं साधं. या मातीत वाढलेल्या आम्हा दोघांना ते कळायला हवं होतं, आणि आम्ही सबंध तालुक्याला दर सकाळी तोच प्रश्न विचारून मिळालेल्या शिष्टाचारावर शाल घेऊन बसलो होतो.

ती गेल्यावर मास्तर म्हणाले, "पोरीची चूक न्हाई. प्रश्न माझा हाय. ह्ये सगळं हिरवं सुळ्ळु." सुळ्ळु म्हणजे कानडीत खोटं. फार मनाला लागलं की मास्तर कानडीत जायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना पत्र टाइप केलं. आमच्या केंद्राचे आजवरचे आकडे विश्वासाचे नाहीत, प्रश्न मी ठरवला होता, तो चुकीचा होता, बदलू द्यावा. मी म्हटलं, "मास्तर, प्रश्न गुपचूप बदला. पत्र कशाला? शाल परत द्यायची आहे का?" ते ओळ संपवून हात वर नेऊन नसलेला दांडा सरकवत राहिले.

साहेबांचा फोन आला. मास्तरांनी तो स्पीकरवर ठेवला, म्हणजे मलाही ऐकू यावं. साहेब म्हणाले, एका बाईमुळे तुम्ही सगळा रिपोर्ट खोटा म्हणताय, तो वर गेलाय, आता तुमचा पहिला नंबर जाईल, आमचंही नाव जाईल.

"साहेब," मास्तर म्हणाले, "त्या बाईला सहावा लागलाय. नंबर पुढच्या वर्षीबी मिळंल."

साहेब वाईट माणूस नव्हते. आठवड्याच्या आत नव्या प्रश्नाला परवानगी आली. मास्तरांनी आवाज पुन्हा भरला. "मी मास्तर बोलतोय. डब्यात किती ऱ्हायल्यात? आकडा दाबा." एवढंच. मी विचारलं, यात लोक खोटं बोलणार नाहीत कशावरून? मास्तर म्हणाले, "किती ऱ्हायल्यात इच्यारलं की कोण लाजतंय? कोंबडीची अंडी किती, इच्यारलं तर बाई खरंच सांगत्या. आणि खोटं बोलायचं तर रोज वजाबाकी करायला लागंल. एवढा उद्योग कोण करतंय?"

आकडा दिवसांच्या हिशेबाशी जुळला नाही की ठिपका लाल, आणि पडदा लाल झाला. निम्मे ठिपके लाल. जिल्ह्याच्या बैठकीत आमचं केंद्र शेवटून पहिलं, आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, जोयडा झोपलाय वाटतं. मी मान खाली घालून बसले होते. मला तेव्हा मास्तरांचा राग आला होता, हे लपवत नाही. पण त्या लाल ठिपक्यांमुळे कुणाकडे लक्ष द्यायचं ते आम्हाला पहिल्यांदाच नीट कळलं, आणि आम्ही एकेकाला गाठायला लागलो.

वाडीवरच्या सुनेकडे मीच गेले, गरोदर बायांच्या तपासणीला जाणाऱ्या नर्सबाईंबरोबर. सासूला समोर बसवून म्हटलं, अज्जी, ही गोळी बाळासाठी आहे, एक दिवस जरी चुकली तरी बाळाला धोका. यातला एक शब्दही खोटा नव्हता. म्हातारी दचकली. म्हणाली, "मला कुणी सांगितलंच न्हाई." त्या दिवसापासून रोज रात्री सुनेच्या हातावर गोळी ठेवायचं काम सासूने स्वतःकडे घेतलं.

मग रोज सकाळी मास्तर पडद्याआडून आकडा वाचायचे. खोलीत आल्यावर पहिलं काम ते. "सतरा." दुसऱ्या दिवशी, "सोळा." मग "पंधरा." मी दप्तर ठेवायच्या आधी कान तिकडे लावलेला असायचा. नाव घ्यायचं कारण नव्हतं, कुणाचा आकडा ते आम्हा दोघांना माहीत होतं. चौदानंतर दोन सकाळी आकडाच आला नाही. मास्तरांचा चहा दोन्ही दिवस तसाच निवला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाचलं, "अकरा." मी बोटांवर मोजलं. बरोबर अकराच यायला हवे होते. वाडीत दोन दिवस करंट नव्हता आणि मोबाइल बंद पडला होता, एवढंच. मास्तरांनी त्या दिवशी दोन कप चहा मागवला आणि दोन्ही स्वतःच प्यायले.

बाळंतपणाच्या आधीच्या रिपोर्टात विषाणू इतका दबला होता की मशीनला तो मोजता आला नाही. मुलगी झाली. तिला काही आठवडे औषधाचे थेंब, मग तपासण्या, आणि दीड वर्षाने शेवटची तपासणी. तो रिपोर्ट मास्तरांच्या हातात पडला तेव्हा मी समोरच होते. मुलीला काहीही नव्हतं. मास्तरांनी तो दोनदा वाचला, डावा हात वर नेऊन दांडा सरकवला, आणि पडदा ओढून पलीकडे बसून राहिले. एरवी माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर टोमणा तयार असतो. त्या दिवशी मी नुसत्या रजिस्टरच्या रेघा मारल्या.

तोवर आमचा पडदा पुन्हा हिरवा होत आला होता, हळूहळू, एकेक ठिपका. या वेळचा हिरवा खरा होता. आता बाकीच्या तालुक्यांतही किती उरल्या असंच विचारतात. हा प्रश्न कुणाचा, ते कुठे लिहिलेलं नाही. म्हणून मी इथे लिहिते आहे.

गेल्या उळवीच्या जत्रेची गोष्ट सांगून संपवते. मी दर्शन घेऊन उतरत होते. गर्दीत काळी उघडी छत्री दिसली, म्हणजे खाली मास्तर असणार. मी हाक मारली नाही, नियम मलाही पाठ आहे. बाजूला झाडांखाली लोकांच्या चुली पेटलेल्या, पंगती बसायला लागलेल्या. तेवढ्यात एका पंगतीतून ती उठली. वाडीवरची सून. कडेवर मुलगी. मागे सासू, नवरा, वाडीतली दहा-पंधरा माणसं. ती सरळ छत्रीच्या रोखाने चालत आली. छत्री सवयीने पुढे कलली. ती वाकली आणि छत्रीखाली तोंड घालून म्हणाली,

"मास्तर, जेवलासा का?"

रोज सकाळी शेळ्यांमागे जाताना तिने ज्या आवाजाला हे विचारलं असेल, तो आवाज कधी बोलला नव्हता. मी चार पावलांवर उभी होते. आता मास्तर "व्हय" म्हणतील आणि पुढे जातील, हे मला ठाऊक होतं. रीत तीच, आणि त्यांचा नियमही तोच.

छत्री वर झाली. मग मास्तरांनी ती मिटली. इतक्या वर्षांत रस्त्यावर त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहत होते.

"न्हाई गं, तंगी," ते म्हणाले. "उपाशी हाय."

सासूने मागून विचारलं, "कोण गं ह्ये?"

"रोज सकाळी फोन करून इच्यारायचे न्हवं का जेवलीस का म्हणून, त्ये मास्तर," सून म्हणाली.

"मग हुबं काय केलंयस त्येंना," म्हातारी म्हणाली. "पान मांड की."

मास्तर छत्री मांडीखाली घेऊन पानावर बसले. मुलगी त्यांच्या मांडीवर चढली आणि त्यांच्या पानातला भात मुठीने उचलून खायला लागली. रामनगरच्या बाजारातले दोघे-तिघे माझ्या शेजारी थांबून बघत होते. त्यात तो चहावालाही होता. मला म्हणाला, "ह्यो कधीपासनं माणसात आला?"

मी म्हटलं, "तोंड सांभाळून बोला. आमचे मास्तर आहेत ते."